टरफलाची पट्टी

हिरामावशीचे हात चालू असताना बघवत नाही. बंदरावरच्या शेडमध्ये ती उकिडवी बसते, कोळंबीची मुंडी पिरगाळते, पोटाकडून नख घालून कवच फाडते आणि टरफल माझ्या क्रेटमध्ये भिरकावते. एखादी कोळंबी अजून वळवळत असते. मावशीला त्याचं काही नाही.

ती टरफलं मी कारखान्यात नेते. तिथे तर त्यांचे आणखी हाल. आधी आम्लात टाकतात, त्यांतला चुना फसफसून निघतो. मग कॉस्टिक सोड्यात उकळतात. मेलेल्याला इतकं मारल्यावर पांढरी भुकटी उरते आणि तिच्यापासून रक्त थांबवणारी पट्टी होते. एवढ्या निर्दयपणातून इतकी दयाळू वस्तू कशी निघते, मला अजून उमगलेलं नाही.

काल मुंडीवरचा काटा मावशीच्या अंगठ्यात खोल घुसला. रक्त भळाभळा वाहू लागलं. पट्टीचं मी तिला कधीतरी सांगितलं होतं. तिने सरळ क्रेटमधलं ओलं टरफल उचलून जखमेवर दाबलं.

"अगं मावशी, नुसतं टरफल नाही लावायचं! अंगठा पिकेल." मी ते ओढून काढलं, जखम धुतली आणि पिशवीतली पट्टी बांधली. रक्त थांबलं.

"ही ह्यांचीच?" तिने क्रेटकडे बोट केलं.

"ह्यांचीच."

"म्हणजे मी हिची मान मोडायची आणि हिने माझं रक्त अडवायचं? मेलीला अक्कल नाही."

मग तिने पुढची कोळंबी उचलली आणि मुंडी पिरगाळली. या वेळी मात्र तिने तोंड फिरवलं होतं.