पिशवीत पाना होता, म्हणून दाजींना मेट्रोत घेतलं नाही

मंडळी, डोकं फिरलंय, म्हणून घरी पोचल्या पोचल्या लिहितेय.

आज दुपारी दाजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, घेऊन मेट्रोने माझ्या घरी निघाले होते. आमच्या सोसायटीचं गेट निखळलंय, ते त्यांना बसवायचं होतं. दाजी चाकणला फिटर आहेत. तपासणीच्या मशीनमध्ये पिशवीतला मोठा पाना दिसला आणि गार्डने अडवलं.

"हे आत चालत नाही. इथे ठेवा आणि जा."

फिटर आपला पाना असा कुणाच्याही ताब्यात देतो होय? अहो, हे स्टेशन बांधलं तेव्हा दाजी इथेच ठेकेदाराकडे कामाला होते. जिन्याचे कठडे याच पान्याने आवळलेत त्यांनी! मी ओरडून सांगितलं, तर उत्तर काय, "मॅडम, नियम आहे."

कारखान्यांच्या गावात मेट्रो आणायची आणि कामगाराचं अवजार चालत नाही म्हणायचं? हा नियम करणाऱ्याने कधी पाना हातात धरलाय का? तुम्हीच सांगा.

दाजी पिशवी उचलून बस पकडायला जिना उतरू लागले. उतरता उतरता त्यांनी कठडा गदागदा हलवून बघितला.

"पक्का आहे अजून," म्हणाले.