डबीवर काढलेला सूर्य

ती झांबियाची फार्मसिस्ट. शिष्यवृत्तीवर कुवेतला पुढचं शिकायला आली होती आणि प्रत्यक्ष कामासाठी फरवानियातल्या आमच्या औषधखिडकीवर, माझ्या हाताखाली. वाचता न येणाऱ्यांना डबीवर चित्र काढून द्यायची तिची गावाकडची पद्धत होती. सकाळी सूर्य, रात्री चंद्र. इथली लेबलं अरबीत आणि आमच्या कोकणातल्या कामगारांना अरबी येत नाही, म्हणून ती युक्ती मी डोक्यावर घेतली. एकीनं औषध काढायचं, दुसरीनं तपासून सही करायची, असा नियम होता. कौतुकाच्या भरात मी न बघताच सह्या ठोकत होते.

एका दुपारी नोंदवही चाळताना ती थबकली.

"मॅडम, सहा दिवसांपूर्वीची सांधेदुखीची गोळी. मी नुसता सूर्य काढून दिला."

ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर माणूस जिवानिशी जातो. नोंदवहीत गुहागरच्या एका एसी मेकॅनिककाकांचं नाव होतं. त्यांना फोन लावला, उचलेनात.

"माझी शिष्यवृत्ती गेली," ती पुटपुटत होती.

"माणूस मरायला टेकलाय आणि तुला शिष्यवृत्ती सुचतेय?" मी खेकसले. खरं तर मलाही माझी नोकरीच दिसत होती.

त्यांच्या कंपनीत विचारून आम्ही कुवेत शहरातल्या शर्क भागात एका इमारतीच्या गच्चीवर पोचलो. काका तिथंच काम करत होते.

"काका, गोळ्या किती घेतल्यात?"

"रोज सकाळी एक. सूर्य काढलाय ना, ताई? गुडघा बरा हाय. तोंड तेवढं आलंय, जेवाक होत नाय."

तोंड येणं ही गोळी अंगात जास्त झाल्याची खूण. डबीतल्या पाकिटातली सहा घरं रिकामी होती. मला रडूच फुटलं. त्यांना गाडीत घालून मोठ्या इस्पितळात नेलं. तीन आठवडे मी धड जेवले नाही. काका वाचले.

अहवाल तिनं लिहिला. 'औषध मी मॅडमना न दाखवताच दिलं, सही नंतर घेतली.' हे साफ खोटं होतं. "तुम्हाला दोन मुलं आहेत," एवढंच ती म्हणाली. मी कागद वाचला आणि वर पाठवून दिला.

महिन्याभरात तिची शिष्यवृत्ती रद्द झाली. मी अजून त्याच खिडकीवर आहे. आता प्रत्येक डबी तीनदा वाचते आणि मगच सही करते.