फायटरचा रोजा

आमच्या शेजारच्या अख्तरबी चाचींच्या दारातून माणूस काय, मांजरसुद्धा उपाशी परत जात नाही. लग्न होऊन मी सांगलीत आले ती त्यांच्या हातचं खाऊनच जाड झाले, आणि त्यावरून मी त्यांना भरपूर बोललेही आहे.

त्यांचे मालक हाफिजचाचा गाद्या भरायचे. गेल्या वर्षी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली आणि हळूहळू त्यांनी जेवणच सोडलं. लेक रुक्सार उंब्रजला दिलेली. ती आली ती काचेच्या बरणीत निळा फायटर मासा घेऊन. अब्बांना बघायला काहीतरी हवं, म्हणाली. माशानं वर येऊन दाणा गट्ट केला आणि ते बघून चाचांनीही तोंड उघडलं. तीच रीत पडली. घास पुढं केला की चाचा बरणीकडं बोट करायचे, "खाल्लं?" चाची दाणे टाकायच्या, मग चाचा घास घ्यायचे. न्याहारीला, दुपारी, चहाला, रात्री. नवरा अंगानं भरला, पण मासाही फुगला.

रमजान लागला आणि मासा एका कुशीवर तरंगायला लागला. मी फोटो काढून माशांच्या दुकानात मिलिंदला दाखवला. तो म्हणाला, "वैनी, त्येचं पोट त्येच्या डोळ्याएवढंच असतंय. तुमी लय चारलंय. आता दोन-तीन दिवस काय बी घालू नका, न्हाईतर मरंल."

हे सांगितल्यावर चाचींनी दाण्यांची डबी हातात घेतली, तशीच खाली ठेवली. "त्यो उपाशी ऱ्हायला तर ह्ये बी ऱ्हात्यात गं, दीपमाला." चाचांना साखरेचा आजार. पोट रिकामं राहिलं की घाम फुटून त्यांची शुद्ध जाते, एकदा गेलीही होती.

"रिकामी चिमूट सोडा की," मी शहाणपणा शिकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तसं केलं. पण चाचांची जीभ जड झाली होती, नजर नव्हे. त्यांनी तोंड फिरवलं. चाची बोलून गेल्या, "आवं, त्येचा आज रोजा हाय."

मला हसू आलं. चाचा मात्र हसले नाहीत. जन्मात एक रोजा न चुकवलेला माणूस, यंदा डॉक्टरांनी बंदी घातलेली. त्यांनी डावा हात छातीवर ठेवला. "मग... माझा बी."

झालं. ओठ मिटले ते मिटले. चाचींनी विनवण्या केल्या, चिडल्या, रडल्यासुद्धा. शेवटी साखरेची गोळी बाजूला ठेवली आणि साखरेचं पाणी घेऊन उशाशी बसल्या. सारख्या त्यांच्या कपाळाला हात लावून घाम आलाय का बघायच्या. "माझ्याच तोंडातनं गेलं," एवढंच म्हणायच्या. मला चाचींचा राग आला, माझा आला, पण सगळ्यात जास्त त्या माशाचा आला.

दिवस मावळला, मगरिबची अजान झाली. चाचींनी घाईनं खजूर चाचांच्या तोंडाशी नेला. त्यांनी मान हलवली आणि बरणीकडं बोट केलं. आधी त्याचा रोजा सोडवायचा. दुसऱ्याचा रोजा सोडवणं म्हणजे मोठा सवाब, मोठं पुण्य, हे चाचांनीच मला कधीकाळी सांगितलेलं.

चाचींनी माझ्याकडं पाहिलं. त्यांनी डबी उघडून चाचांपुढं धरली. डाव्या हातानं चाचांनी दाणे उचलले, निम्मे सांडले, उरलेले पाण्यात सोडले. मासा वाकडातिकडा वर आला आणि एक दाणा त्यानं गिळला. चाचांचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. इतके महिने ते दुसऱ्याच्या हातानं जेवत होते. आज त्यांनी कुणालातरी खाऊ घातलं होतं.

मग त्यांनी तोंड उघडलं. मासा परत कलंडत तळाला चालला होता, कल्ले जेमतेम हलत होते. चाची उठल्या आणि बरणीकडं पाठ करून, ती चाचांना दिसणार नाही अशा बसल्या. एकेक घास भरवू लागल्या. त्यांचा स्वतःचा रोजा अजून सुटायचा होता. मी एक खजूर उचलून त्यांच्या ओठांशी नेला.

त्यांनी मान फिरवली. "थांब. आधी ह्येंचं पोटभर हुंदे. उद्या काय ह्ये तोंड उघडत न्हाईत."