नाव घे, मंग उतर

पांझरा नदीकाठच्या पिंपळनेरच्या यात्रेत धुरपताअक्काच्या पाळण्यात चढणं सोपं होतं, उतरणं महाकर्मकठीण. चार बैठकींचा तो उंच लाकडी पाळणा रहीमभाई हाताने फिरवायचे आणि अक्का खाली बाजेवर बसून ढोलकीवर गायची. बसणाऱ्या बाईचं गाव, तिचं लुगडं, तिचं नाक, जे दिसेल ते गाण्यात यायचं. लग्न झालेली बाई अगदी वर पोचली की अक्का हात वर करी, पाळणा थांबे आणि हुकूम सुटे, "नाव घे, मंग उतर!" नवऱ्याचं नाव उखाण्यात घेतल्याशिवाय सुटका नाही.

यात्रेत तमाशाचे दोन तंबू होते, डोळा लावून बघायची चित्रांची पेटी होती, दोरावरून चालणारी डोंबारीण होती. पण साक्री-धुळ्याहून आलेल्या बायकांची झुंबड पाळण्यापाशीच. घरात जे नाव कुजबुजतानाही जीभ अडखळते, ते इथे आभाळात ओरडायचं! "सासू खाले शे. वर कोनी नही," अक्का म्हणे. एखादी लाजून गप्प बसली तर म्हणे, "तोंडले कुलूप लाईसन पाळनामा बसू नही, माय."

स्वराज्य यायला तेव्हा दहाएक वर्षं होती. माझं लग्न होऊन दोन झाली होती आणि आमचे हे साक्रीच्या कचेरीत अव्वल कारकून होते. गावातल्या कुणा पेन्शनर पंतांनी अर्ज केला होता, की कुलीन स्त्रिया चव्हाट्यावर नवऱ्यांची नावं ओरडतात, हा पाळणा उठवावा. चौकशी ह्यांच्याकडे आली. तक्रार खरी निघाली तर जागेवरच बजावायची नोटीस ह्यांच्या खिशात. बैलगाडीत मला हे सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "तू देवळात बस." मी "हो" म्हटलं आणि ह्यांची पाठ वळताच पाळणा गाठला. बंद व्हायच्या आत एकदा बसून तर घ्यावं!

बसता बसता मी अक्काच्या कानात म्हटलं, "अक्का, पाळणा उठवायला कचेरीतून माणूस आलाय."

"येऊ दे ना. तू बस."

ढोलकी कडाडली. माझ्या नथीवर तिने काय काय रचलं, ते इथे लिहायची सोय नाही. मी हसून हसून बेजार झाले. वर पोचले, पाळणा थांबला आणि खाली पाहिलं तर गर्दीत हे! हातात नोटीस, मान वर, तोंड उघडं.

"नाव घे, मंग उतर!" अक्का गरजली.

गप्प बसावं तर संध्याकाळपर्यंत लटकायचं. नाव घ्यावं तर तक्रार खरी असल्याची साक्ष मीच द्यायची, आणि अक्काचं बिऱ्हाड उठायचं. पण वारा असा काही लागत होता, पदर असा उडत होता, की माझी जीभ मला विचारायला थांबलीच नाही.

"वर मोकळं आभाळ, खाली पांझरेचं पाणी,
वामनराव नोटीस वाचतात, मी म्हणते गाणी!"

सगळी यात्रा नोटीसवाला माणूस शोधू लागली आणि तो लगेच सापडला. हे कानापर्यंत लाल झाले. अक्काचा हात ढोलकीवरच थिजला. ह्यांनी घसा खाकरला, कचेरीतल्या आवाजात म्हणाले, "चौकशीच्या कामी नीट ऐकू आलं नाही. पुन्हा घ्यायला सांगा."

मी पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदाही घेतलं, ते कुणी न सांगता. नोटीस घडी होऊन खिशात गेली. "गैर काही आढळलं नाही," हे रहीमभाईंना म्हणाले, आणि गर्दीने असा गलका केला की तमाशाचे तंबू रिकामे झाले.

उतरले तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हतेच. त्याच भरात मी ओरडले, "अक्का, आता तुम्ही बसा! तुम्ही नाव घ्या!"

शेजारच्या बाईने मला चिमटा काढला. तेव्हा कुठे मी तिच्या कपाळाकडे पाहिलं. तिथे कुंकू नव्हतं. अशा बाईला नाव घ्यायला कोणी सांगत नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अक्काने ढोलकी माझ्या हातात दिली, कासोटा आवळला आणि पाळण्यात जाऊन बसली.

"अक्का, आप?" रहीमभाई म्हणाले.

"फिरव, भाऊ."

ती वर पोचली. उभ्या यात्रेवर कवनं रचणाऱ्या त्या बाईला एक ओळ सुचेना. मग तिने नुसतंच नाव घेतलं, गळा फाडून.

"सुकदेऽऽव!"

पुन्हा घेतलं. पुन्हा घेतलं. बायका टाळ्या पिटत होत्या, मी ढोलकी बेताल बडवत होते आणि रडत होते. खाली आली तेव्हा अक्का लहान पोरीसारखी हसत होती. माझे दोन्ही गाल तिने हातात धरले.

"त्याले जाईसन पंधरा वरीस व्हयनात, माय," ती म्हणाली. "त्यानं नाव आज पह्यलांदा कोनी इचारं."