आन घालून भरवलेले घास

मी लग्नाच्या पंगतींचा आचारी. मोडनिंबपासून दुधनीपर्यंत चाळीस वर्षं चुलीपुढं उभा राहिलो, पण माझ्या पंगतीतून कुणी अर्धपोटी उठलं असं कधी झालं नाही. पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरला तर तो हात बाजूला सारून मी वाढायचो. त्यालाच आम्ही आग्रह म्हणतो. पुढं माझ्याच घरात बायकोचं जेवण तुटलं आणि माझ्या हातून जे घडलं, ते सांगायची आजही लाज वाटते. चौथी शिकलेला माणूस आहे, जमेल तसं सरळ लिहितो.

तिला पोटाचा कॅन्सर. कळलं तोवर तो लिवरपर्यंत गेला होता. डॉक्टरांनी मला बाहेर घेऊन सांगितलं, "आता भूक मरत जाणार. मागतील तेवढंच द्या, जबरदस्ती करू नका." शेवटचं वाक्य मी कानाआड केलं. माझा हिशेब सोपा होता, पोटात अन्न गेलं की माणूस उठतो. देवळात जाऊन सिद्धरामाला म्हणालो, "तिला भूक दे, बाकीचं मी बघतो." देवालासुद्धा हाताखालच्या गड्यासारखं काम सांगितलं. घरी येऊन कधी पेज, कधी मुगाचं पाणी, कधी दुधात कुस्करलेली भाकरी असं करत राहिलो. ती तोंड फिरवायची. "नको वाटतंय ओ," एवढंच म्हणायची. फोडणीचा वास आला तरी पदर नाकाला लावायची.

एका दुपारी मी हुग्गी केली. खपली गव्हाची, गुळाची ही खीर म्हणजे माझं नाव. तिनं ओठ घट्ट मिटले आणि माझं डोकं फिरलं. "हजारो माणसं बोटं चाटून गेली, अन् तुला एक चमचा गिळवंना? मुद्दाम करतीस व्हय?" मग मी म्हणालो, "तुला सिद्धरामाची आन हाय. ही वाटी रोज संपली पायजे." तिनं माझ्याकडं बघितलं. ती नजर मी विसरलेलो नाही. लग्न होऊन आल्यापासून तिनं एक सोमवार चुकवला नव्हता, देवाची शपथ ती मोडणार नाही हे मला ठाऊक होतं. म्हणूनच तर घातली. तिनं वाटी संपवली.

नंतर रोज दुपारी मी वाटी पुढं करायचो, ती खायची आणि मी छाती पुढं काढून चौकात चहाला जायचो. भेटेल त्याला सांगायचो, "खाती बगा आता." पाचव्या दिवशी सोमवार होता. तिची वाटी संपली तशी देवानं ऐकलं म्हणून उरलेल्या हुग्गीचा डबा घेऊन देवळात गेलो, नैवेद्य दाखवला आणि तळ्याकाठच्या पायरीवर टेकलो. शेजारी एक म्हातारी बसली होती. कपाळावर विभूती, बोलण्यात कानडी हेल.

"कशाचा नैवेद्य, यप्पा?" तिनं विचारलं.

"बायको जेवत नव्हती, आजी. आन घातली, आता खाती."

"अन् देवापुढं ठेवलास ते देव खाल्ला का?"

"देव कुटं खातो?"

"मग वरडलास का त्याच्यावर?" ती हसली. "त्याच्यापुढं ठेवतोस, हात जोडतोस, गप बसतोस. मग परसाद म्हणून तूच खातोस. घरच्या लक्ष्मीला मात्र आन घालतोस."

"तुमाला काय कळतंय," म्हणून मी तावातावानं उठलो. त्या रागात चहाला न जाता थेट घर गाठलं. बायको मोरीत बसली होती. शेजारची अक्का, विणकराच्या घरची तेलुगू बाई, तिचं कपाळ धरून होती. सगळी हुग्गी मोरीत पडली होती. अक्का म्हणाली, "रोजचंच हाय, दादा. तुमी भाईर पडला की समदं उलटून पडतंय. सांगू नको म्हणून माझ्या पाया पडली ही." बायको तोंड पुसत म्हणाली, "वाटी संपवायची आन व्हती. संपवली मी."

मी तिथंच ओल्या फरशीवर बसलो आणि आमच्याकडं शपथ सोडवतात तसं तीनदा म्हणालो, "सुटली, सुटली, सुटली." तिनं डोळे मिटून एवढा लांब श्वास सोडला, जसं डोक्यावरचं ओझं कुणीतरी उतरवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिच्यापुढं ताट ठेवलं, भोवती पाणी फिरवलं आणि हात जोडून गप बसलो. तिनं एक डोळा उघडला. "मला देवी केली व्हय?"

"व्हय."

"मग पाया बी पडा की. उभ्या जन्मात पडला न्हाईत."

ती थट्टेनं म्हणाली, मी खरंच पडलो. पाय काटकीसारखे झाले होते. डोकं वर काढवेना. माझ्या टकलावर हात ठेवून ती म्हणाली, "उठा आता. परसाद गार व्हतोय."

मग रोज तसंच चाललं. ताट ठेवायचं, थांबायचं, आणि तिनं मानेनं नको म्हटलं की तिच्याजवळ बसून परसाद म्हणून ते मीच जेवायचं. आमची बोलणी परत सुरू झाली. जेवणापायी ती बंदच पडली होती. एके दिवशी न सांगता तिनं हुग्गीत बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि म्हणाली, "वेलदोडा जास्त पडलाय." मी चाखून बघितलं. खरंच जास्त होता. तेवढंच तिचं शेवटचं अन्न. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हातात हात ठेवून ती शांतपणे गेली.

त्या म्हातारीला मी पुष्कळ सोमवार शोधलं. देवळापुढची फुलवाली म्हणाली, "असल्या लई येत्यात, मामा." ती कोण होती याचा कीस मी काढत नाही. मी देवाकडं बायकोची भूक मागितली होती, ती त्यानं दिली नाही. पण ताट पुढं ठेवून हात मागं कसा घ्यायचा, ते या आडमुठ्या आचाऱ्याला म्हातारपणी शिकवलं, आणि तिचे शेवटचे दिवस माझ्या तावडीतून सोडवले. त्याचे उपकार फिटायचे नाहीत. तिनं मला माफ केलं, पण ते पाच दिवस मला अजून गिळवत नाहीत.

अजून कुणी बोलावलं तर पंगतीला जातो. ताटावर हात आडवा आला की पळी मागं घेतो. सोमवारी सिद्धरामापुढं हुग्गी ठेवतो आणि म्हणतो, "वाटलं तर घे, नाहीतर राहू दे." वेलदोडा आता कमी घालतो.