दोन ओळखपत्रं, एक पुस्तक

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात संदर्भाचं पुस्तक एकट्याला मिळत नसे. दोघांनी मिळून मागायचं, दोघांची ओळखपत्रं काउंटरवर द्यायची. मग ग्रंथालयातले मामा ती एकावर एक ठेवून रबर लावायचे, त्यात पुस्तकाच्या नंबरची चिठ्ठी खोचायचे आणि रजिस्टर आपल्याकडे फिरवायचे. आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ, सही. पुस्तक परत आलं की रबर निघायचा. हा नियम बारामतीत दुसऱ्या कुठल्या कॉलेजात असेल असं मला वाटत नाही. मामांनीच तो काढला होता. पूर्वी कोणीतरी ब्लेडनं पानं कापून न्यायचं. डेटाबेसच्या एका पुस्तकातलं सबंध प्रकरण गेलं होतं, आणि मामांनी ते पुस्तक तसंच काउंटरवर उघडं ठेवलं होतं. शिवणीपाशी उरलेल्या कडा येणाऱ्या प्रत्येकाला दिसाव्यात म्हणून.

मी तिसऱ्या वर्षाला होते. आमच्या गावाहून, कळंबहून, एसटीनं यायचे, दहाच्या पुढे पोचायचे. नेटवर्क विषयाच्या सेमिनारसाठी सरांनी सांगून ठेवलं होतं की इंटरनेटवरून उतरवलेलं चालणार नाही, पुस्तक आणि पान नंबर पाहिजे. त्यांनी सांगितलेलं पुस्तक कापडी पुठ्ठ्याचं, विटेसारखं जड, आणि ग्रंथालयात एकच प्रत. माझा विषय होता, नेटवर्कवर गर्दी झाली की पाठवणारा आपला वेग कसा कमी करतो. बावड्याच्या एका मुलाला त्याच पुस्तकातलं राउटिंग, म्हणजे माहितीची वाट ठरवण्याचं प्रकरण, हवं होतं. तो होस्टेलवर राहायचा. मामांनी दोघांकडे पाहिलं आणि म्हणाले, द्या कार्डं.

तीन आठवडे आम्ही एका टेबलावर बसलो. मधे एक खुर्ची रिकामी असायची आणि तिच्यासमोर पुस्तक. कार्डं मामांकडेच बांधलेली राहायची, म्हणून तो सकाळी येऊन वाचायचा, मी आले की माझ्याकडे सरकवायचा. तो एवढ्या दिवसांत माझ्याशी फार तर वीस वाक्यं बोलला असेल, सगळी पान नंबरांची. एकदाच त्याचं प्रकरण संपत नव्हतं आणि मी वही उघडून ताटकळत होते, तेव्हा मान वर न करता म्हणाला, "पॅकेट अडकलंय. पाच मिनिटं थांब." नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याला आम्ही पॅकेट म्हणायचो. मला हसू आलं होतं, पण मी ते दाखवलं नाही.

मी कोणाला फारसं काही दाखवत नसे. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. वर्गात तोंडातून मराठी शब्द निघाला की बाई लाकडी पट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर मारायच्या. घरी येऊन इंग्रजी शब्द निघाला की चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, सगळ्यांसमोर मडमीण म्हणून चिडवायचे. मी दोन्ही भाषांत गप्प राहायला शिकले. त्याचा मला फायदाच वाटायचा. गप्प माणसाला कोणी मारत नाही असा माझा समज होता.

तात्यांचा मुलगा, माझा चुलत दादा, तिसऱ्या आठवड्यात एक दिवस ट्रॅक्टरचा पार्ट घ्यायला बारामतीला आला होता. परत जाताना मला गाडीतून घेऊन जावं म्हणून तो ग्रंथालयात शोधत आला. काउंटरवर त्याला माझा फोटो दिसला. त्या फोटोला रबरानं बांधलेला दुसरा फोटो होता. त्यानं ती जोडी उचलली. मामा म्हणाले, कार्डं खाली ठेवा. दादानं खालचं कार्ड थोडं सरकवून त्यावरचं आडनाव वाचलं. नाव वाचायची त्याला गरज पडली नाही. त्याच्या चेहऱ्यावरून मला हे लांबूनही कळलं, कारण लहानपणापासून मी तो चेहरा वाचत आले आहे.

तो टेबलाशी आला. पुस्तक तेव्हा माझ्या हातात होतं. ते त्यानं माझ्या बोटांतून ओढलं, दोन्ही हातांनी धरलं आणि त्या मुलाच्या डाव्या कानावर घातलं. कण्याकडची बाजू. आवाज मोठा नव्हता, ओल्या मातीवर खोरं पडावं तसा होता. मुलगा खुर्चीसकट आडवा झाला. दादानं पुस्तकानं आणखी तीनदा मारलं, मी मोजलं. मग मुलानं उठायला उजवा हात जमिनीवर टेकला, तेव्हा दादानं त्या हातावर बूट ठेवला आणि सगळं वजन त्या पायावर घेतलं. हा आवाज मात्र लहान आणि स्वच्छ होता. मामा मधे पडले. साठीच्या जवळ आलेला माणूस. दादानं त्यांना एका हातानं ढकललं आणि ते वर्तमानपत्रांच्या स्टँडवर जाऊन आदळले. चाळीसेक मुलं उभी राहिली होती. काहींनी मोबाइल वर धरले होते. मुलाच्या कानातून निघालेलं रक्त फरशीच्या सांध्यातून सरळ रेषेत चाललं होतं.

मी बसून होते. पुस्तक गेलं तरी माझं बोट वाचत असलेल्या ओळीच्या जागी, टेबलावर तसंच होतं. मी काही बोलले नाही. हे वाक्य आधीच लिहायचं ठरवलं होतं, तरी इतका उशीर झाला.

गाडीत दादा शांत होता. वाटेतल्या जंक्शन गावाला थांबून त्यानं बाटलीतल्या पाण्यानं हात धुतला. मग विचारलं, "तुला काय बोलायचा का त्यो?"

मी नाही म्हणाले.

"बोलला आसंल," तो म्हणाला, आणि गाडी चालू केली.

घरी पप्पा लोणी देवकरच्या कारखान्यातून आले, तोवर गावात सगळं पोचलं होतं. पप्पांनी मला आजवर कधी मारलं नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांनी उंबऱ्यातच एक थोबाडीत दिली, डबा अजून दुसऱ्या हातात होता. काही विचारलं नाही. मारून झाल्यावर आपल्याच हाताकडे बघत राहिले. तात्या वकिलाशी फोनवर बोलून आले आणि म्हणाले की त्या पोराच्या घरच्यांची तक्रार जायच्या आत आपली गेली पाहिजे, नाहीतर पोरगं आत जाईल.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या चौकशी समितीपुढे मला उभं केलं. बोलले ते तात्या. कारकुनानं लिहून घेतलं. सदर विद्यार्थी अर्जदार मुलीचा वारंवार पाठलाग करून ग्रंथालयात तिच्या मागोमाग येत असे, वगैरे. असलं मराठी मला एका दमात वाचताही येत नव्हतं, पण अर्थ कळत होता. कळत नव्हता असं मी म्हणणार नाही. खाली मी सही केली, नेहमीसारखी इंग्रजीत.

त्या सहीवर कॉलेजनं त्या मुलाला निलंबित केलं. परीक्षेचा फॉर्म अडवला. तो दवाखान्यात पडून होता, उजव्या हाताची दोन बोटं मोडलेली, डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. हे मला वर्गाच्या ग्रुपवर कळलं. घरी दादाच्या सुजलेल्या हाताला काकू हळद लावायची. लोक भेटायला यायचे. तो पलंगावर बसून प्रत्येकाला नव्यानं सांगायचा आणि दर वेळी त्याच्या सांगण्यात मी जरा जास्त रडत असायचे. मी तर रडलेच नव्हते. एका दुपारी भाकरी थापताना मला स्पष्ट दिसलं की मी तवा उचलते आणि त्याच्या तोंडावर मारते, तापलेला. मी इतका वेळ त्या तव्याकडे बघत राहिले की भाकरी जळाली.

पाचव्या दिवशी माझा फॉर्म भरायला पप्पा मला बारामतीला घेऊन गेले. फॉर्मला ओळखपत्र लागत होतं. मी ग्रंथालयात गेले. फरशी धुतलेली होती, फक्त सांधे काळे दिसत होते. मामांच्या कोपराला पट्टी होती. त्यांनी खण उघडून रबर लावलेली जोडी काढली आणि समोर ठेवली. मी हात पुढे केला तर त्यांनी वर आपला हात ठेवला.

"पुस्तक कुठं हाय?"

पुस्तक पोलिसांकडे होतं, मुद्देमाल म्हणून. ते त्यांनाही माहीत होतं.

"पुस्तक आल्याबिगर रबर निघत न्हाय. नियम हाय." मग त्यांनी विचारलं, "दोन कार्डं का घेतो मी, ठाव हाय का तुला?"

मी म्हणाले, कोणी पानं कापू नयेत म्हणून.

"कापणारा दोघांत बी कापतो. एकानं कापलं तर दुसऱ्यानं सांगावं, म्हणून घेतो."

मग त्यांनी रोजच्यासारखं रजिस्टर माझ्याकडे फिरवलं, मागची पानं उघडून. आणि दुसऱ्या कोणाला तरी पुस्तक द्यायला निघून गेले.

मी तीन आठवड्यांची पानं वाचली. आमच्या विषयात, नेटवर्कवर काय घडलं यावर वाद झाला तर कोणाचं ऐकत बसायचं नसतं, नोंदी बघायच्या असतात. प्रत्येक दिवशी त्याची वेळ आधी होती. नऊ, सव्वानऊ, नऊ. माझी दहा वीस, दहा पंचवीस, एसटी येईल तशी. माझ्याच अक्षरात. माझ्या मागोमाग तो एकदाही आला नव्हता. रोज मी आत गेले होते आणि तो आधीपासून तिथं होता. दोघांच्या नावांना कंस करून मामांची सही, संदर्भग्रंथ एक, कार्डं दोन. माझ्या निवेदनातलं एक वाक्यही या पानांपुढे टिकणारं नव्हतं. पण पानं समितीपुढे कोणी मांडली नव्हती. तात्या मांडणार नव्हते, आणि मामांना समितीनं बोलावलंच नव्हतं.

पप्पा बाहेर कट्ट्यावर बसले होते. मी त्यांना म्हणाले, मला परत आत जायचंय, समितीकडे. मामा रजिस्टर घेऊन माझ्या मागे उभे होते. पप्पांनी रजिस्टर पाहिलं, मामांची पट्टी पाहिली. मग माझी बॅग माझ्या खांद्यावरून काढून स्वतःच्या मांडीवर ठेवली.

"जा," ते म्हणाले.

समितीतल्या मॅडमनी रजिस्टर दोनदा पाहिलं. दादानं मारलं ते मी क्रमानं सांगितलं, किती वेळा, कशानं, मग बूट. माझा आवाज इतका बारीक निघत होता की त्यांनी पंखा बंद करायला लावला. शेवटी त्यांनी विचारलं की मग आधी खोटं का लिहिलं.

"लिहिलं मी नाही," मी म्हणाले. "सही मी केली."

तेच पुढे पोलिसांनाही सांगितलं. दादाला अटक झाली त्या संध्याकाळी तात्या आमच्या अंगणात आले. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. त्यांनी पायातली चप्पल काढली आणि पप्पांना मारायला सुरुवात केली, डोक्यावर, मानेवर, तोंडावर. पप्पा धाकटे भाऊ, म्हणून त्यांनी हात वर केले नाहीत. चष्मा पडला, तो तात्यांच्याच पायाखाली फुटला. आई ओरडत होती. माझं काय झालं मला सांगता येणार नाही. मी गेले आणि तात्यांच्या मनगटाला चावले. दात हाडापर्यंत गेले. त्यांनी दुसऱ्या हातानं माझे केस धरून हिसडले, मूठभर आले, तरी मी सोडलं नाही. सुटल्यावर तोंडात खारट चव होती आणि मला ती घाण वाटली नाही. त्याचं अजून मला भय वाटतं.

आता दोन घरांच्या मधे भिंत आहे. दादा जामिनावर बाहेर आहे. रस्त्यात दिसला की तो थांबून मी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहतो.

त्या मुलाचं निलंबन उठलं आणि कार्डांच्या झेरॉक्सवर आम्हा दोघांचेही परीक्षेचे फॉर्म भरून घेतले. त्यानं पेपर लेखनिक घेऊन दिले, आणि मग बावड्याच्या घरच्यांनी त्याला दुसऱ्या गावच्या कॉलेजात घालायचं ठरवलं. दाखला न्यायला तो आला, तेव्हा ग्रंथालयाच्या सहीवर अडलं, कारण पुस्तक अजून आमच्या दोघांच्या नावावर होतं. मामांनी मला वर्गातून बोलावून घेतलं. पुस्तक पोलिसांकडे आहे असा अर्ज त्यांनी तयार ठेवला होता, दोघांच्या सह्या हव्या होत्या.

तो काउंटरच्या डाव्या टोकाला उभा होता, चांगला कान माझ्याकडे येईल असा. त्यानं डाव्या हातानं सही केली, हळूहळू. मग मी केली, या वेळी मराठीत. मामांनी रबर काढला आणि दोघांची कार्डं दोन बाजूंना ठेवली.

"पाच दिवस लावलेस," तो म्हणाला. कार्डाकडे बघत.

"हो," मी म्हणाले.

मामांनी रजिस्टरचं ते जुनं पान उघडलं. त्या दिवसाच्या ओळीत आम्हा दोघांचीही बाहेर गेल्याची वेळ राहिली होती. नोंद अर्धी ठेवता येत नाही, ते म्हणाले. मी माझी वेळ लिहिली, दादाबरोबर बाहेर पडले ती. त्यानं पेन घेतलं, त्या रकान्याकडे पाहिलं आणि न लिहिताच पेन खाली ठेवलं. मामांनी आग्रह केला नाही. पान मिटायच्या आधी मी पाहिलं, माझी वेळ होती आणि त्याच्या नावापुढची जागा कोरी होती.