माझ्या खुर्चीवर बसायला आलेला माणूस

माझं या देशातलं बस्तान टिकलं ते एका सौदी पोरामुळे. हे आधी सांगतो, कारण एकदा युरोपचं सांगायला लागलो की मी थांबत नाही आणि ज्याचं नाव घ्यायचं तो राहून जातो. आणि हा पोरगा आला होता तो माझीच जागा घ्यायला.

मी रत्नागिरीकडचा. नववीत शाळा सोडली आणि मामूंच्या मागोमाग रियाधला आलो, अल सुलैच्या एका गोदामात माल चढवायला-उतरवायला. कोडिंग शिकलो ते खोलीत, मोबाइलवर व्हिडिओ बघून. पहिला प्रोग्राम केला तो आज जेवण कुणी रांधायचं ते सांगणारा. मामूंची पाळी आली की ते म्हणायचे, "तुझं मशीन बिघडलंय."

दुसरा मात्र कामाचा निघाला. तेव्हा नमाजच्या वेळी दुकानांची शटरं खाली यायची, आणि आमचे ट्रक नेमके तेव्हाच दारात पोचून उन्हात तापत उभे राहायचे. माझा प्रोग्राम नमाजच्या वेळा बघून उद्या कुठला ट्रक कुठं, कधी न्यायचा ते ठरवायचा. संध्याकाळी ते वेळापत्रक मी ड्रायव्हर लोकांच्या ग्रुपवर टाकायचो. मुदीरनं, म्हणजे आमच्या मॅनेजरनं, मला गोण्यांवरून उठवून एसीत खुर्ची दिली. मायला फोनवर सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "बसून काम करतात, त्याचा पण पगार देतात?"

मग सौदीकरण आलं. ऑफिसातल्या कामांवर सौदी माणसं घ्यायची होती, आणि आमच्याकडे ऑफिस म्हणजे जवळजवळ माझी खुर्चीच. मुदीर एका पोराला घेऊन आला आणि म्हणाला, "याला सगळं शिकव." शिकवून झाल्यावर माझं काय, हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. इकाम्याची, म्हणजे इथं राहायच्या परवान्याची, मुदत काही महिन्यांत संपणार होती. कफीलनं, म्हणजे ज्याच्या नावावर मी इथं आहे त्या मालकानं, ती वाढवली नाही तर खलास, बॅग भरायची.

पोरगा पांढऱ्या कडक इस्त्रीतला, रोज कहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, थर्मास घेऊन यायचा. पहिला कप मला. मला सदीक, म्हणजे मित्र, म्हणायचा. अर्ध्या हिंदी, अर्ध्या अरबीत बोलायचा आणि प्रश्न विचारून बेजार करायचा. मी सगळं सांगायचो.

त्यातच माझी वर्षाची सुट्टी आली. इकामा असेपर्यंत इथून युरोपचा व्हिसा मिळतो. गावाहून नववीत शाळा सोडलेल्या माणसाला कोण देणार? निम्मी सुट्टी घरी आणि निम्मी तिकडं, असं ठरवलं. मामू चिडले. "लोक सुट्टीत आयशीकडे जातात, आणि तू गोऱ्यांच्या मुलखात पाठीवर ओझं घेऊन फिरणार? इथं उचलतोस ते पुरत नाही काय?"

व्हिएन्ना, ब्रातिस्लावा, प्राग. बसनं जायचं, हॉस्टेलात वरचा पलंग घ्यायचा, नळाचं पाणी, पाव आणि उकडलेली अंडी. ब्रातिस्लावात स्वयंपाकघरात मी सुकट भाजली तर एक जर्मन पोरगी खिडक्या उघडत म्हणाली, काहीतरी मेलंय. मी म्हटलं, मेलंय खरं, चव घेऊन बघ. तिनं घेतली आणि पाणी मागितलं. व्हिएन्नात एका चर्चच्या पायरीवर बसून मी तासभर नुसता ट्रामा बघितल्या. आपण इथं पोचलो, हे मला स्वतःलाच पटवून द्यावं लागत होतं.

लॅपटॉप बरोबर होता. माझ्यावाचून काम चालतं हे मुदीरला कळू नये, म्हणून वेळापत्रक मीच पाठवणार असं सांगून निघालो होतो. पहिल्या काही दिवसांचं तयार करून ठेवलं होतं. प्रागला पोचल्यावर पहिल्यांदा तिथून नवीन काढलं, ग्रुपवर टाकलं आणि पूल बघायला निघालो.

पुलावर फोन वाजला. तोच सौदी पोरगा होता.

"सदीक, उद्या दुपारची, जोहरची अजान सकाळी दहाच्या आत? सूर्याला कळवलंस का?"

मी पाठीवरच्या बॅगेतून लॅपटॉप काढून बघितलं. लॅपटॉपनं न विचारता प्रागचं घड्याळ लावून घेतलं होतं, आणि माझा प्रोग्राम त्याच घड्याळावर रियाधच्या नमाजा मांडत बसला होता. सगळे ट्रक बंद शटरांपुढे उभे राहिले असते.

"मुदीरनं बघितलं?" मी विचारलं.

"बघितलं असेल. मी ग्रुपवर लिहिलंय, हे सरावाचं आहे, खरं अजून यायचंय. आता पाठव. यल्ला, लवकर."

मी तिथंच पुलाच्या कठड्याला टेकून घड्याळ बदललं आणि खरं वेळापत्रक पाठवलं.  

पुढचं मामूंनी फोनवर सांगितलं. मुदीरनं सकाळी त्या पोराला झापलं, हा सराव कुणी करायला सांगितला म्हणून. तो म्हणाला, मीच मागितला, शिकायला.  "त्याला बोलायचं काय कारण होतं?" मामू म्हणाले. "गप्प बसला असता तर दुपारपर्यंत तुझी खुर्ची त्याची."

परत आलो तेव्हा मुदीरनं दोघांना बोलावलं. पोराकडे बघून म्हणाला, "आता तुला येतं ना सगळं? मग याची गरज काय?"

मी जमिनीकडे बघत होतो. पोरगा अरबीत बोलला, हळू, मला समजावं म्हणून. "खुर्चीवर मी बसतो, कागदावर माझं नाव लावा. पण मशीन यानं बनवलंय. उद्या बिघडलं तर मी कुणाला फोन करू?"

मुदीरनं पेन टेबलावर आपटलं. मग म्हणाला, याला बाजूला एक टेबल द्या. त्या महिन्यात माझा इकामा वाढला.

खुर्ची त्याची झाली, नियमाप्रमाणे. मी बाजूच्या टेबलावर. बाहेर आल्यावर आभार मानायला लागलो तर म्हणाला, "मुख माफी," म्हणजे तुला डोकं नाही, आणि जेवायला चल म्हणाला.

आता तो किनाऱ्याकडच्या नव्या बंदराच्या शहरात गेलाय. स्वतःचे दोन ट्रक घेऊन धंदा सुरू करायचं त्याच्या मनात आहे. ज्या दिवशी त्याचा पहिला ट्रक निघेल त्या दिवशी त्याचं वेळापत्रक मी लिहीन, तो धंदा करील तोवर सांभाळीन, आणि रात्री-अपरात्री बिघडलं तरी त्याचा फोन मी उचलीन. त्याला अजून सांगितलेलं नाही. ऐकलं तर पुन्हा मुख माफी म्हणेल.